अन्नुपुरीचा बर्फ

निसेको-अन्नुपुरीचं शिखर समुद्रसपाटीपासून १३०८ मीटर उंच आहे. आपला सिंहगडही जवळपास तेवढाच. डोंगराची थोरवी उंचीवर मोजणाऱ्यांच्या नजरेत होक्काइदोतला हा डोंगर भरणार नाही. गुलमर्गला तर याच्या दुपटीहून अधिक उंचीवर लोक बोर्ड पायाला बांधतात. तरीही कोरड्या, ताज्या, खोल बर्फात स्नोबोर्ड चालवण्याचं सुख काय असतं, हे ज्याला अनुभवायचं आहे त्यानं आधी इथं यावं, असं माझं ठाम मत आहे. या डोंगराची श्रीमंती त्याच्यावर पुन्हा पुन्हा पडणाऱ्या बर्फात आहे, आणि त्या बर्फात उभ्या असलेल्या भूर्जांत.

हा बर्फ येतो समुद्रावरून. हिवाळ्यात सैबेरियाचे कोरडे, गोठवणारे वारे जपानच्या समुद्रावर उतरतात. दक्षिणेकडून येणाऱ्या त्सुशिमा प्रवाहामुळे इथलं पाणी त्या वाऱ्यांपेक्षा कितीतरी उबदार असतं. वारे ओल उचलतात, ढग धरतात आणि किनाऱ्याजवळच्या डोंगरांना अडून वर चढताना सगळा भार उतरवतात. आपल्या घाटमाथ्यावर आषाढात जे घडतं तेच हे, फक्त पाण्याच्या जागी हिम. जानेवारीत सूर्यदर्शन दुर्मीळ. काल उमटलेल्या खुणा सकाळी बुजलेल्या असतात आणि उतार पुन्हा कोरा.

पडणारा बर्फ एकदा काळ्या हातमोज्यावर झेलून बघावा. सहा हात, प्रत्येक हाताला नेच्याच्या पानासारख्या बारीक फांद्या, आणि त्यांची टोकं मोज्याच्या लवेत अडकलेली. होक्काइदो विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ उकिचिरो नाकाया यांनी तोकाचीच्या डोंगरात राहून अशा हिमकणांची छायाचित्रं घेतली आणि १९३६ साली प्रयोगशाळेत, सशाच्या केसावर, जगातला पहिला कृत्रिम हिमकण वाढवला. हवेचं तापमान आणि ओल यांवर कणाचा आकार ठरतो, हे त्यांनी दाखवून दिलं. उणे पाच अंशांच्या आसपास सुया होतात. उणे पंधराच्या आसपास, भरपूर ओल असेल तर, हे फांद्या फुटलेले षट्कोनी तारे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानांवर बर्फ कसा धरतो याचा अभ्यास त्यांनी याच अन्नुपुरीच्या माथ्यावर केला. हे तारे एकमेकांत फांद्या अडकवून पडतात आणि मधे हवा कोंडून ठेवतात. अशा ताज्या बर्फाचा घनमीटर पुष्कळदा शंभर किलोही भरत नाही. त्यात नऊ दशांश हवाच असते, आणि आपण बोर्ड चालवतो तो या हवेवर.

दाबून सपाट केलेल्या उतारावर बोर्डाची कडा बर्फात रुतते आणि तिच्या आधारानं वळण घेता येतं. इथं कडेला धरायला काहीच नसतं. वजन किंचित मागच्या पायावर न्यायचं, बोर्डाचं नाक वर येऊ द्यायचं आणि संपूर्ण तळ हलकेच कलता करायचा. बोर्ड आत बुडतो. खालचा बर्फ दाबला जातो, तळपायांना तो दाब हळूहळू घट्ट होत गेलेला कळतो, आणि मग तोच आपल्याला वर उचलतो. एक वळण संपून दुसरं सुरू होण्याआधी शरीराला वजनच उरत नाही. माझ्या लेखी सगळा रस या क्षणात आहे. बर्फ छातीवरून उसळून तोंडावर येतो, डोळ्यांसमोर पांढरं होतं, म्हणून श्वास दोन वळणांच्या मधेच घ्यावा लागतो. घाईनं वळलात तर हे सगळं हातचं जातं. उतार अति तीव्र असता तरी गेलं असतं. अन्नुपुरीचा मध्यम उतार वळणाला पुरेसा वेळ देतो. निसेकोतल्याच ‘गेंटेमस्टिक’चे बोर्ड घडवणाऱ्या तारो तामाई यांना हे नेमकं उमगलं आहे. रुंद नाकाचे, निमुळत्या शेपटीचे त्यांचे बोर्ड लाटेवरच्या फळ्यांशी नातं सांगतात.

माथ्यावरून समोर योतेई ज्वालामुखीचा १८९८ मीटरचा देखणा शंकू दिसतो, आणि त्या दृश्यासाठी अनेक जण शेवटच्या लिफ्टपासून बोर्ड खांद्यावर घेऊन चढतात. निरभ्र दिवशी ते सुंदरच असतं. पण मी भूर्जांच्या पट्ट्याला वरचं स्थान देतो. वादळात उघड्या माथ्यावर आभाळ आणि जमीन वेगळी कळत नाही. आपण थांबलो आहोत की सरकतो आहोत, तेही उमजत नाही. खाली झाडांत शिरलं की नजरेला खोली मिळते. वाकडे, फिकट बुंधे, वाऱ्याच्या बाजूला चिकटलेली हिमाची खरबरीत साल, आडोशाला साचलेली मऊ उशी. खोडांकडे बघायचं नाही, मधल्या फटींकडे बघायचं. बोर्ड नजरेमागे जातो. खालची सासा, म्हणजे बुटक्या बांबूची झुडपं, बर्फाच्या भारानं आडवी झालेली असतात, म्हणून वाट मोकळी सापडते.

मात्र हीच सासा वरच्या थराला घसरायला मदत करते, आणि वारा एकेका घळीत बर्फ रचत असतो. म्हणून निसेकोचे नियम कडक आहेत: हद्दीबाहेर जायचं ते ठरलेल्या गेटमधूनच, गेट बंद असेल तर नाहीच, दोरीखालून तर कधीच नाही. सूचिपर्णी झाडांच्या बुंध्याभोवती पोकळ खड्डे असतात, त्यांत डोकं खाली जाऊन पडलेला माणूस स्वतःहून बाहेर येऊ शकत नाही. जाणार असाल तर जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ धरा, रोजची हिमस्खलनाची सूचना वाचा आणि झाडांत शिरल्यावर सोबत्याला नजरेआड होऊ देऊ नका.