‘कोर्ट’: आधी निष्कर्ष, मग पुरावा

परभाषेतला पुरस्कारप्राप्त सिनेमा म्हटलं की आपल्याला इटली, जपान, इराण आठवतात. पण २०१४ साली व्हेनिसच्या प्रेक्षकांसाठी परभाषेतला सिनेमा आपला होता: चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’. तिथे ‘ओरिझोन्ती’ विभागातल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा आणि पदार्पणाचा, असे दोन पुरस्कार त्याला मिळाले. पुढे राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. भारताने तो ऑस्करला पाठवला, तिथे मात्र नामांकन मिळालं नाही. तरीही तो आज जुना वाटत नाही. का?

माझं उत्तर असं: चुकीचा निष्कर्ष कसा तयार होतो, हे तो टप्प्याटप्प्याने दाखवतो. मॅनहोलमध्ये उतरलेला सफाई कामगार मरतो. आरोप असा, की लोकशाहीर नारायण कांबळे यांचं गाणं ऐकून त्याने आत्महत्या केली. निष्कर्ष आधीच ठरलाय, पुरावे मागून गोळा होतायत.

मग त्या कामगाराची बायको साक्षीला येते. तो आत खडा टाकायचा, झुरळ बाहेर आलं तर हवा आहे असं समजून उतरायचा. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने इथे थांबावं. ना मीटर, ना मास्क. झुरळ हेच उपकरण! या एका तपशिलाने आत्महत्येचं गृहीतक डळमळतं. दिग्दर्शक मात्र त्यावर पार्श्वसंगीत वाजवत नाही, कॅमेरा जागचा हलत नाही. अर्थ आपणच लावायचा. पुरस्कार विसरले गेले तरी सिनेमा टिकतो तो यामुळे.

पण म्हणून तो तटस्थ आहे असं समजू नका. कॅमेरा दोन्ही वकिलांच्या घरी जातो. सुट्टीत न्यायाधीशांबरोबर रिसॉर्टवरही जातो. शनिवार-रविवारी आपल्या कर्जत-खालापुरात उतरतात तशीच ती मंडळी. त्या बाईच्या वाट्याला मात्र एवढा वेळ येत नाही. कोणाचं निरीक्षण किती करायचं हे ठरवलं, की निकालाचा अर्धा भाग ठरतो. आपल्या नमुना-निवडीतही हेच होतं.

सिनेमा दोन तासांच्या आतला आहे, कर्जत-सीएसएमटी लोकलमध्ये जातो साधारण तेवढाच वेळ. बघताना वहीत दोन रकाने आखा: ‘काय दिसलं’ आणि ‘त्यावरून काय म्हटलं गेलं’. दुसरा रकाना पहिल्याच्या पुढे कुठे पळतो ते शोधा. मग तीच वही घेऊन स्वतःचा संशोधन प्रस्ताव तपासा.