‘मारतील’ या क्रियापदाचा कर्ता : रहस्यमालिकांच्या प्रेक्षकांचे तर्क

दूरचित्रवाणीवरील रहस्यमालिकेचा पुढचा भाग कसा असेल याविषयी प्रेक्षक आपापसांत जे तर्क करतात, त्यांना आपल्याकडे ‘चकाट्या’ यापलीकडे नाव मिळालेले नाही. कृती पूर्ण झाल्यावर तिच्याविषयी लिहिले तर ती समीक्षा. कृती चालू असताना तिच्याविषयी बोलले तर तो वेळेचा अपव्यय, अशी ही विभागणी आहे. ती प्रस्तुत लेखकास मान्य नाही. हे तर्क ज्या वाक्यांत केले जातात त्या वाक्यांचे व्याकरण पाहिले, तर बोलणाऱ्याने कथेचे स्वरूप किती बारकाईने ओळखले आहे हे दिसून येते. ‘भोळा प्रेक्षक’ ही जी कल्पना मालिकांचे टीकाकार गृहीत धरून चालतात, तिचाही त्यामुळे पुनर्विचार करावा लागतो.

विवेचनासाठी ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका घेतली आहे. तिचे शीर्षक १९७६ च्या ‘हा खेळ सावल्यांचा’ या चित्रपटातील सुधीर मोघे यांच्या गीतावरून आलेले आहे. झी मराठी वाहिनीवर तिचे पहिले पर्व फेब्रुवारी ते ऑक्टोबर २०१६ या काळात झाले, दुसरे जानेवारी २०१९ ते ऑगस्ट २०२०, आणि तिसरे २०२१ मध्ये सुरू झाले. सिंधुदुर्गातील एका गावचे नाईक कुटुंब, त्यांचा वाडा, कुटुंबप्रमुख अण्णांच्या मृत्यूने झालेला कथारंभ, आणि त्यानंतर घडणाऱ्या अनिष्ट गोष्टींमागे माणूस आहे की माणसापलीकडचे काही आहे हा प्रश्न, एवढा तपशील येथे पुरेसा आहे.

आता हे बोलणे कोठे ऐकावयाचे? पालघर आणि बोईसर-तारापूर हा पट्टा त्यासाठी फार सोयीचा आहे, आणि तो केवळ लेखकाच्या परिचयाचा आहे म्हणून नव्हे. तारापूरला १९६९ मध्ये देशातले पहिले अणुवीजकेंद्र सुरू झाले. पुढे बोईसरलगत औद्योगिक वसाहत वाढली. किनाऱ्यावर मांगेली आणि वाडवळी, पूर्वेला वारली, आणि मध्ये खानदेश, विदर्भ, दक्षिण कोकण, गुजरात व उत्तर हिंदुस्थान येथून आलेल्या कामगारांच्या भाषा, असा हा मुलूख आहे. २०१३ मध्ये डहाणू रोडपर्यंत उपनगरी गाड्या धावू लागल्यापासून सकाळच्या गाडीत रोजचे तेच चेहरे समोरासमोर बसू लागले, आणि रात्रीच्या भागाची चर्चा सकाळी करण्यास एक निश्चित जागा मिळाली. शिवाय येथे पाळ्या आहेत. रात्री साडेदहाला मालिका लागते तेव्हा दुसऱ्या पाळीचा माणूस अजून कारखान्यात असतो आणि तिसऱ्या पाळीचा डबा घेऊन निघालेला असतो. या दोघांना कथा मिळते ती सांगोवांगी. म्हणून त्यांच्या वाक्यांत ‘म्हणे’ हा शब्द वारंवार येतो : ‘ती विहिरीपाशी गेली म्हणे, मग तिलाच ठाऊक असणार.’ पहिल्या अर्ध्या वाक्याची जबाबदारी दुसऱ्यावर टाकलेली, दुसऱ्या अर्ध्याची स्वतःवर घेतलेली. पाहिलेले आणि ऐकलेले यांत असा स्वच्छ भेद करणाऱ्या माणसास भोळा म्हणणे कठीण आहे.

मराठीत अनिश्चिताविषयी बोलण्याची साधने पुष्कळ आहेत. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून आपण काळ आणि अर्थ यांची चर्चा करीत आलो आहोत, परंतु त्या चर्चेतील उदाहरणे बहुधा ग्रंथातील किंवा रचलेली असतात. मालिकेच्या श्रोतृवर्गात तीच रूपे जिवंतपणी भेटतात. वाख्यातातील ‘असावा’ हे रूप पुराव्यावरून काढलेल्या अनुमानासाठी येते : ‘दार आतून लावले होते, म्हणजे घरातलाच कुणी असावा.’ ईलाख्यातातील ‘असेल’, ‘येईल’ ही रूपे केवळ शक्यता सांगतात. त्यांच्यामागे पुरावा असलाच पाहिजे असे नाही. आणि ‘-णार’ हे रूप काही एक ठरलेले आहे असे सुचविते. आभाळ भरून आलेले पाहून आपण ‘पाऊस पडणार’ म्हणतो. पंचांग चाळताना ‘पडेल’ म्हणतो.

या तीन रूपांची वाटणी प्रेक्षकांच्या बोलण्यात कशी होते, ते लक्षणीय आहे. कथेच्या आत राहून, म्हणजे वाडा, विहीर, माणसे ही खरी मानून तर्क करावयाचा असेल तर ‘असावा’ आणि ‘असेल’ येतात. कथेच्या बाहेर उभे राहून, म्हणजे ही एक रचलेली मालिका आहे, तिला आठवड्याचे गणित आहे, रविवारी तासाभराचा महाएपिसोड जाहीर झाला आहे, हे ध्यानात घेऊन तर्क करावयाचा असेल तर ‘-णार’ येते : ‘रविवारीच उघड करणार, त्याआधी नाही.’ क्रियापदही बदलते. कथेच्या आतला माणूस खून ‘करतो’. बाहेरून पाहिले की तोच खुनी ‘निघतो’. ‘शेवटी वकीलच निघणार’ या वाक्यातील ‘निघणे’ हे क्रियापद फार मार्मिक आहे. ते गुन्ह्याविषयी काही सांगत नाही. गुपित फुटण्याविषयी सांगते. ही वाटणी काटेकोर नियमासारखी पाळली जाते असे मात्र नाही. पैज लावण्याच्या भरात कथेच्या आतलाही माणूस ‘-णार’ म्हणून जातो.

पण या लेखाचा खरा विषय असलेले वाक्य वेगळे आहे : ‘पांडूला मारतील.’

पांडू हा वाड्यातला विसराळू गडी. त्याला कोण मारतील? वाक्यात कर्ता नाही. मराठीत असे अनेकवचनी, कर्तृहीन वाक्य नवे नाही; ‘रस्ता खणतात’, ‘पाणी सोडतात’ असे आपण रोज म्हणतो, आणि खणणारे वा सोडणारे कोण हे सांगण्याची गरज वाटत नाही. परंतु येथे प्रश्न नाजूक होतो. कथेतील मारेकरी एकच असेल तर क्रियापद ‘मारेल’ असे यावयास हवे. ‘मारतील’ म्हटल्याबरोबर वाक्याचा कर्ता कथेतून उठतो आणि कथा लिहिणाऱ्यांत, चित्रित करणाऱ्यांत, वाहिनीच्या कार्यालयात जाऊन बसतो. ‘आज शेवंताला दाखवतील’ या वाक्यात तर दुसरा अर्थ संभवतच नाही. प्रेक्षक या मंडळींना नाव देत नाही, सर्वनामही देत नाही. केवळ क्रियापदाच्या प्रत्ययात त्यांना जागा देतो. त्यात पुन्हा आदरार्थी अनेकवचनाचा घोळ आहे. संशय अण्णांवर वा माईंवर असला तर ‘मारतील’ हे रूप कथेच्या आतही शुद्धच ठरते, आणि मग बोलणाऱ्याच्या सुरावरून वा पुढच्या वाक्यावरूनच उलगडा होतो. पांडूच्या बाबतीत हे पुढचे वाक्य मोठे गमतीचे असते : ‘त्याला कशाला मारतील? तोच तर लिहितो!’ पांडूची भूमिका करणारे प्रल्हाद कुडतरकर हेच मालिकेच्या लेखकांपैकी होते, हे प्रेक्षकांस ठाऊक होते. अर्थात या एका वाक्यात पात्र, नट आणि लेखक हे तिघे एकाच ‘तो’मध्ये उभे आहेत, आणि बोलणाऱ्याचा त्यांत गोंधळ मुळीच नाही.

छापील रहस्यकथेच्या वाचकाला हे वाक्य बोलण्याचे कारण नव्हते. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि झुंजार, काळा पहाड ही त्यांची पात्रे घरोघरी पोचली. पण वाचक पुस्तक उघडी त्या वेळी ते लिहून संपलेले असे. तर्क करावयाचा तो फक्त लेखकाशी, आणि तोही शेवटच्या पानापर्यंत. दैनंदिन मालिकेत पुष्कळदा भाग दाखविला जाण्याच्या थोडेच दिवस आधी चित्रित होतो. म्हणजे प्रेक्षक ज्या गोष्टीविषयी तर्क करतो ती अद्याप घडलेलीच नसते. त्यामुळे त्याचे भविष्यकाळी वाक्य व्याकरणाने भविष्यकाळी असते आणि वस्तुस्थितीनेही.

२०१६ मध्ये मालिका सुरू होताच, ती अंधश्रद्धा पसरविते आणि कोकणची बदनामी करते असा आक्षेप घेण्यात आला. तो हेतूने प्रामाणिक होता, आणि कोकणात भुताखेतांच्या नावाने काय काय चालते हे पाहिलेल्यांस तो समजण्यासारखाही आहे. परंतु त्यात एक गृहीत होते : दाखविले ते पाहणारा खरे मानतो. वर सांगितलेले व्याकरण या गृहीताच्या विरुद्ध साक्ष देते. एकच प्रेक्षक एका दमात म्हणतो, ‘त्या घरात काहीतरी असावे,’ आणि लगेच, ‘पण भूतबीत नाही निघणार, शेवटी कुणी माणूसच निघणार.’ पहिले वाक्य भीतीचे आहे, दुसरे परीक्षणाचे. आणि दोहोंची रूपे निराळी आहेत. त्झ्वेतान तोदोरोव्ह या समीक्षकाने १९७० मध्ये अद्भुतिकेचे लक्षण सांगताना नैसर्गिक आणि अतिनैसर्गिक स्पष्टीकरणांमधील वाचकाचे दोलायमान होणे हेच तिचे मर्म मानले. पालघरच्या गाडीतील प्रेक्षक दोलायमान होत नाही. तो दोन्ही ठिकाणी एकाच वेळी उभा राहतो आणि कोठे उभे राहून बोलत आहोत हे क्रियापदाने सांगतो. पहिल्या पर्वाचे यश मला येथे दिसते. त्याने ही दोन्ही वाक्ये बोलण्यास कित्येक महिने मुभा ठेवली. शेवटी उत्तर काय दिले हा प्रश्न त्यापुढे गौण आहे.

दुसऱ्या पर्वाने कथा मागे नेली. अण्णा मरणार हे सर्वांस ठाऊक. पहिल्या पर्वाचा आरंभच त्यांच्या मृत्यूने झालेला. अशा पूर्वकथेत तर्काला वावच उरणार नाही असे वाटण्याचा संभव होता. घडले ते उलट. ‘कोण’ हा प्रश्न मिटला आणि ‘का’ व ‘कसे’ हे प्रश्न उरले. खुन्याचा शोध संपला आणि स्वभावाचा सुरू झाला. माधव अभ्यंकर यांचे अण्णा आणि अपूर्वा नेमळेकर यांची शेवंता यांच्याविषयी लोक बोलत ते आरोपींविषयी बोलावे तसे नव्हे, तर ओळखीच्या घरातील माणसांविषयी बोलावे तसे. आपल्याकडे कीर्तनाला आणि दशावताराला येणारा श्रोता कथेचा शेवट जाणूनच येतो. हा जुना श्रोता या पर्वात पुन्हा जागा झाला, असे मला वाटते. याच काळात बोईसरच्या तोंडी मालवणीचे ‘-तलो’ हे भविष्यरूप थट्टेने येऊ लागले. ‘अण्णा येतलो’ असे मांगेली बोलणाऱ्या माणसाने म्हणावे ही एक गोष्ट, आणि त्याच्या स्वतःच्या बोलीला दूरचित्रवाणीवर अशी जागा मिळालेली नाही ही दुसरी. दुसरीविषयी मला खेद वाटतो.

मार्च २०२० मध्ये महामारीमुळे चित्रीकरणे थांबली आणि कित्येक आठवडे नवा भाग आला नाही. अमेरिकेत १९८० मध्ये ‘डॅलस’ या मालिकेतील नायकावर गोळी कोणी झाडली याचे उत्तर नटांच्या संपामुळे लांबले, आणि त्या खोळंब्यातच देशभर तर्कांना ऊत आला. आपल्याकडील खोळंबा तेवढ्या उत्साहाचा असणे शक्य नव्हते. टाळेबंदीत तर्क चालत ते बहुधा दुसऱ्याच विषयावर.

तिसऱ्या पर्वात मात्र अण्णा आणि शेवंता भूत होऊन परत आले. येथे माझा आक्षेप नीतीचा नाही, रचनेचा आहे. भूत हेच उघड पात्र झाल्यावर ‘भूतबीत नाही निघणार’ हे वाक्य बोलण्यास जागा राहिली नाही. बाहेरच्या तर्काला उरले ते फक्त नटांचे येणेजाणे, आणि २०२१ मध्ये शेवंताची भूमिका दुसऱ्या अभिनेत्रीकडे गेली तेव्हा चर्चा तिच्यावरच केंद्रित झाली. ‘मेला’ हे क्रियापद जेथे काहीच संपवीत नाही, तेथे ‘मारतील’ या क्रियापदाला धार कशी राहावी? २०१६ मध्ये दुबळा असलेला अंधश्रद्धेचा आक्षेप या पर्वाविरुद्ध घेतला असता तर त्याला उत्तर देणे मला कठीण गेले असते, कारण ज्या परीक्षणाच्या वाक्याच्या आधारे मी उत्तर देत आहे ते वाक्यच मालिकेने प्रेक्षकाच्या हातून काढून घेतले.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस दुसऱ्या पर्वाच्या जागी आलेली ‘देवमाणूस’ ही मालिका निराळ्या जातीची. खुनी आरंभापासून समोर. शिवाय ती वाई येथे २०१६ मध्ये उघडकीस आलेल्या हत्याप्रकरणावर बेतलेली असल्याने शेवटाची वार्ता वर्तमानपत्रांतून आधीच आलेली. तेथे एकच प्रश्न होता, ‘कधी सापडणार?’, आणि भाग जसजसे वाढत गेले तसतशी त्या ‘-णार’मधील खात्री जाऊन कंटाळा आला. तोही एक प्रकारचा अभिप्रायच होय.

एक भाषिक बाब नोंदवावयाची राहिली. या पट्ट्यात गुजराती बोलणारी कुटुंबे पुष्कळ आहेत, आणि त्यांपैकी अनेकजण मराठी मालिका पाहतात. गुजरातीत तृतीयपुरुषी भविष्यकाळाचे रूप दोन्ही वचनांत एकच, ‘मारशे’. ‘मारेल’ आणि ‘मारतील’ यांतील ज्या वचनभेदावर वरील विवेचनाचा बराच भार आहे तो त्या भाषेत उपलब्धच नाही. मराठी शेजारणीशी बोलताना ‘मारतील’ म्हणणारी तीच स्त्री घरी गुजरातीत बोलताना हा भेद कशाने दाखविते, ‘सिरियलवाळा’ असा कर्ता उघड घालते की भेद सोडूनच देते, हे डहाणू ते पालघर या टापूत नोंदवून घेण्यासारखे आहे. आणि त्यासाठी विद्यार्थ्याला सकाळच्या गाडीचा पास पुरेल.