वाचकाचे मौन

दिवाळी अंक घरात आला की त्याची वाटणी ठरलेली असते. व्यंगचित्रे मुले पळवतात, कथा आईकडे जातात, लेख वडील दुपारी आडवे होताना हाती घेतात, आणि राशिभविष्य कोणीतरी आजीला मोठ्याने वाचून दाखवतो. कवितांची पाने तेवढी बहुधा कोणाच्याच वाट्याला येत नाहीत. तरी ही सगळी मंडळी एकाच मुखपृष्ठाखाली सुखाने नांदतात. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घराला या एकत्र कुटुंबाची सवय आहे. तेव्हा कथा, चित्रकथा आणि कविता यांच्याविषयी एकाच लेखात बोलणे कोणाला वावगे वाटू नये.

बोलायचे आहे ते मात्र वाचकाच्या बाजूने. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे; पोटासाठी मास्तरकी आणि हौसेसाठी कादंबऱ्या. समीक्षेची परिभाषा मला परकी आहे. पण पुस्तक मिटल्यावर मनात काय उरले, हे सांगायला परिभाषा कशाला हवी? आपल्याकडे हा प्रश्नच कोणी विचारत नाही. विद्वान बोलतात आणि वाचक ऐकतो. हे मौन बरे नव्हे, एवढेच मला या लेखात म्हणायचे आहे.

‘चांदोबा’ची मराठी आवृत्ती १९५२ साली निघू लागली. त्यातली विक्रम-वेताळाची गोष्ट आणि शंकर या चित्रकाराने काढलेले तिचे चित्र दोन-तीन पिढ्यांना पाठ आहे: हातात तलवार, खांद्यावर प्रेत आणि पुढे टाकलेले पाऊल. वेताळ गोष्ट सांगतो, शेवटी पेच घालतो आणि बजावतो की उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास, तर डोक्याची शकले होतील. राजा बोलतो, त्याचे मौन मोडते आणि वेताळ पुन्हा झाडाला जाऊन लोंबकळतो. वाचनाचे याहून नेमके वर्णन मला सापडलेले नाही. चांगली गोष्ट आपल्याला गप्प बसू देत नाही; आणि आपण उत्तर दिले म्हणून ती संपतही नाही. पुन्हा झाडापाशी जावेच लागते.

बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला. त्यातील याच नावाच्या कथेत रेल्वेच्या नोकरीवर परगावी गेलेला एक दलित तरुण आहे. डोक्यावर छप्पर हवे म्हणून तो जात सांगत नाही. घरात घेतला जातो, मान मिळवतो, आणि खरे कळताच तीच माणसे त्याच्यावर तुटून पडतात. या कथेतील विद्रोहाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मी अडलो तो नावातल्या एका शब्दापाशी. दुसऱ्याची वस्तू घेतली तर ती चोरी. इथे एका माणसाने स्वतःविषयीची एक गोष्ट नुसती सांगितली नाही, आणि ती चोरी ठरली! मग मूळ चोर कोण? आमचे कन्हान हे रेल्वेचे आणि कोळशाच्या खाणींचे गाव. बदलून आलेला माणूस खोली शोधत फिरतो, तेव्हा भाडे सांगण्याआधी आडनाव विचारणारी घरे मी पाहिलेली आहेत. त्यामुळे ही कथा मला गुजरातेतली वाटली नाही, जुनीही वाटली नाही. असे वाटणे ही वाङ्मयीन कसोटी आहे की नाही, ते पंडितांनी ठरवावे; वाचकाला ती पुरते.

याउलट व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’मध्ये (१९४९) आवाज कुठेच चढत नाही. झेल्या हा शाळेतला पोर आणि सांगणारा त्याचा मास्तर. मास्तरकी करणाऱ्याने ते चित्र वाचावे आणि दुसऱ्या दिवशी वर्गातल्या मागच्या बाकाकडे पाहावे. पाहण्यात फरक पडतो. मोठे तत्त्व न सांगता लेखकाने साधलेला हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

आता चित्रकथा. ‘इंद्रजाल कॉमिक्स’ १९६४ साली सुरू झाले, मराठीतूनही निघू लागले आणि १९९० साली बंद पडले. ली फॉक यांचा ‘फँटम’ त्यात आपल्याकडे आला, तो वेताळ होऊन. नाव ओळखीचे मिळाले आणि पोरांनी त्याला घरचा मानला. वडीलधाऱ्यांनी मात्र अशी पुस्तके वाचनात धरली नाहीत. ती अभ्यासाच्या पुस्तकाआड लपवूनच वाचली जात. माझ्या मते त्यांनी ती हिसकावण्याऐवजी मुलांबरोबर वाचायला हवी होती. एका चौकटीत पोराने बॅट उगारलेली असते आणि पुढच्या चौकटीत काच फुटलेली. मधला चेंडू कोणी काढलेला नसतो; दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत तो वाचणारा स्वतः काढतो. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये येऊ लागला, तो या कोऱ्या जागेवर भरवसा ठेवून. तीन-चार चौकटींत घर उभे करायचे आणि उरलेले वाचकावर सोपवायचे, हे काम सोपे नव्हे.

आणि बरोबर वाचले असते, तर पुढचा प्रश्नही निघाला असता. या वेताळाच्या जंगलात टोळ्याच टोळ्या आहेत, पण तंटा मिटवायला आणि संकटातून सोडवायला पिढ्यान्‌पिढ्या एक गोरा मुखवटेवालाच का लागतो? आमची कन्हान नदी सातपुड्यातून, छिंदवाड्याच्या मुलखातून उतरते. त्याच मुलखातल्या देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शहाने, १८व्या शतकाच्या आरंभी नागपूर शहर वसवले. जंगलच्या माणसांनी उभारलेल्या शहराच्या छायेत वाढणाऱ्या मुलाला हे कोणी सांगितले, तर त्याची वेताळातली गोडी जाणार नाही. डोळे मात्र उघडतील.

अनंत पै यांची ‘अमर चित्र कथा’ १९६७ सालची. दूरदर्शनवरील प्रश्नमंजुषेत मुलांना ग्रीक देव ठाऊक होते आणि रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही, म्हणून हे काम हाती घेतले, असे ते सांगत. राम वाईरकरांची कृष्णाची चित्रे पाहिली की हात जोडावेसे वाटतात. तरी एक गोष्ट मला खटकते: इथे वेताळ पेचही घालतो आणि उत्तरही सांगून टाकतो. दैत्य काळा, देव देखणा. वाचणाऱ्या पोराने ठरवायचे असे काही उरतच नाही.

कवितेपाशी मात्र सगळेच गप्प होतात. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात त्या गात गेल्या. मुलगा सोपानदेव आणि एक आप्त यांनी ते टिपून ठेवले. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईची गाणी’ प्रसिद्ध झाली. वर्गात मी त्या वाचल्या, तेव्हा एक मुलगी पटकन बोलून गेली, “गुरुजी, हे तं आमच्या बुढीवानी बोलते!” खानदेशची बोली आणि नागपूरकडची मुलगी, पण तिने धागा बरोबर पकडला. तिच्या त्या एका वाक्यात कवितेचे जेवढे रसग्रहण होते, तेवढे मी नंतर तपासलेल्या गठ्ठाभर उत्तरपत्रिकांत नव्हते.

दुसऱ्या टोकाला ग्रेस. नागपूरचा हा कवी ‘संध्याकाळच्या कविता’ (१९६७) घेऊन आला आणि दुर्बोध म्हणून गाजला. गंमत अशी की हृदयनाथ मंगेशकरांनी त्यांच्या कवितांना चाली दिल्यावर, अर्थ लागत नाही म्हणणारी माणसेच त्या गुणगुणू लागली. म्हणजे अर्थ कळण्याआधीही काहीतरी पोचले होते. त्या पोचण्याला नाव देता आले नाही, तरी ते खोटे ठरत नाही. आणि हेही सांगतो की त्यांच्या काही कवितांत शब्द स्वतःवरच भाळलेले दिसतात. तिथे मी थकतो आणि पान उलटतो. आवडीइतकाच नावडीचाही हक्क वाचकाला आहे. मोठे नाव पाहून मान डोलावणे ही रसिकता नव्हे.

या सगळ्याची चिंता मला मास्तर म्हणून अधिक वाटते. कवितेच्या रसग्रहणाचा प्रश्न परीक्षेत असतो. तो घालणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण उत्तर बाजारातल्या मार्गदर्शकात तयार मिळते आणि चाळीस मुलांना ‘कवितेतील नादमाधुर्य’ एकाच शब्दांत भावते! मुलगा शिकतो काय, तर आपल्याला जे वाटले ते लिहायचे नसते. पुढे तो शिकून नोकरीला लागतो, पुस्तकाकडे फिरकत नाही, आणि आपण ‘वाचनसंस्कृती लोप पावली’ म्हणून परिसंवाद भरवतो. वेताळाचा शाप खरा होतो, तो असा.

तेव्हा वाचकहो, वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत हा अंक घरातल्या घरात हातोहात फिरेल, त्यात एक करून पाहा. मुलाला कवितेचा अर्थ विचारू नका. वाचताना तो कुठे थांबला, ते विचारा. आजीला कथा वाचून दाखवा आणि तिला कोणाचे चुकले असे वाटते, ते ऐका. तिचे मत तुमच्याशी जुळणार नाही, न जुळो. कवितांची पाने वाट्याला कोणी घेतली नसतील, तर ती आपण घ्या, आणि आवडले-नावडले ते जेवताना मोठ्याने सांगा.