जपानी भुते माजघरात

दिवाळी अंक हाती पडला की अनुक्रमणिकेत भुताची गोष्ट कुठल्या पानावर आहे, हे आधी पाहणारे वाचक आमच्या घरात दोन पिढ्या आहेत. तिसरी पिढी अनुक्रमणिका पाहत नाही, पण गोष्ट मोठ्याने वाचू लागलो की हळूच जवळ सरकते. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी ह्यांनी मराठी घरांना ही गोड सवय लावली. धारप २००८ मध्ये गेले, मतकरी २०२० मध्ये; सवय मात्र राहिली. तेव्हा ह्या वर्षी एका पुस्तकाऐवजी एका तबकडीविषयी लिहिले तर वाचक रागावणार नाहीत, अशी आशा आहे. तबकडी आहे ‘क्वैदान’ ह्या जपानी चित्रपटाची. ‘क्वैदान’ म्हणजेच भुताखेतांच्या, अद्भुताच्या गोष्टी. मासाकी कोबायाशी ह्यांनी हा चित्रपट १९६४ साली काढला आणि पुढच्याच वर्षी त्याला कान महोत्सवात परीक्षकांचे खास पारितोषिक मिळाले.

चित्रपटात चार स्वतंत्र कथा आहेत आणि त्याची मूळ लांबी १८३ मिनिटे आहे. परदेशी प्रेक्षक एवढा वेळ बसणार नाही, ह्या भीतीने त्याला पुढे कात्री लागली. अमेरिकेत तर चारांतली एक कथाच गाळून टाकली, आणि तीही कोणती, तर बर्फातल्या बाईची! क्रायटेरियन ह्या अमेरिकन संस्थेने २००० साली काढलेली डीव्हीडी १६१ मिनिटांची होती. २०१५ साली त्यांनीच ब्लू-रे काढली, तीत मूळची पूर्ण लांबी परत आली. मी लिहितो आहे ते ह्या दुसऱ्या तबकडीविषयी. घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक सूचना : ह्या तबकड्यांसाठी जगाचे ए, बी, सी असे तीन विभाग पाडले आहेत. अमेरिका आणि जपान ए मध्ये, आपण सी मध्ये. त्यामुळे ही तबकडी आपल्याकडच्या साध्या यंत्रावर चालत नाही. सर्व विभागांचे यंत्र लागते. आमच्या भाच्याने परदेशातून येताना दोन्ही आणले, म्हणून अंबाजोगाईच्या आमच्या माजघरात ही जपानी मंडळी अवतरली. तबकडीवर चित्रपटाखेरीज स्टीफन प्रिन्स ह्यांचे भाष्य आहे, आणि १९९३ मध्ये मासाहिरो शिनोदा ह्या दिग्दर्शकाने कोबायाशींची घेतलेली मुलाखतही आहे. मुलाखत जरूर पाहावी. भाष्य मात्र पहिल्या खेपेला लावू नये. भुताच्या गोष्टीत मध्येच कोणी समजावून सांगू लागला की भूत निघून जाते.

ह्या कथा जगापुढे आणणारा गृहस्थ जपानी नव्हता. लाफकादिओ हर्नची आई ग्रीक, बाप आयरिश. १८५० साली जन्मलेला, एका डोळ्याने अंध, अमेरिकेत वर्तमानपत्रांत लिहून पोट भरणारा हा माणूस १८९० साली जपानला गेला, मात्सुए गावी शिक्षक झाला, सेत्सु नावाच्या जपानी बाईशी लग्न करून कोइझुमी याकुमो ह्या नावाने तिथलाच झाला. त्याला जपानी ग्रंथ धड वाचता येत नसत. गोष्टी सेत्सुबाई सांगत आणि तो ऐके. त्याची अट एकच असे : पुस्तक हातात घेऊन वाचायचे नाही, स्वतःच्या शब्दांत सांगायचे. ‘क्वैदान’ हे त्याचे पुस्तक १९०४ साली प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी तो वारला. कोबायाशींनी चारांपैकी दोनच कथा ह्या पुस्तकातून घेतल्या आहेत. उरलेल्या दोन हर्नच्याच दुसऱ्या पुस्तकांतल्या आहेत.

पहिली कथा ‘काळे केस’. क्योतोमधला एक सामुराई दारिद्र्याला कंटाळून, मागावर बसून राबणाऱ्या बायकोला टाकून, परमुलखात नोकरीसाठी जातो आणि तिथे एका बड्या घरची मुलगी करतो. सुख लाभत नाही. पहिलीची आठवण पोखरत राहते. वर्षांनी तो परततो तेव्हा अंगणात गवत माजलेले, भिंती पडलेल्या. आत मात्र दिवा लागलेला, आणि ती जशीच्या तशी, केसही तसेच काळेभोर. ती एका शब्दानेही दोष देत नाही. रात्र बोलण्यात सरते. सकाळी त्याला काय दिसते, हे सांगावयास नको.

ही कथा बीड जिल्ह्यात बसून पाहणाऱ्याला वेगळी लागते. आमच्याकडे दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडे ‘एक कोयता’ म्हणतात. माणसांची मोजणी हत्याराने होते! बैलगाड्या, ट्रॅक्टर भरून गावे रिकामी होतात. मागे कुलपे, म्हातारी माणसे आणि शाळेची पोरे. चैतात परतणाऱ्याला अंगणात गवत नसले तरी धूळ वीतभर असते, आणि ओसरीवरची म्हातारी पुष्कळदा दोष देत नाही. म्हणून त्या सामुराईने मोडक्या दारातून आत पाऊल टाकले तेव्हा आमच्या माजघरातही सगळे गप्प झाले. तोरू ताकेमित्सु ह्यांनी इथे वाद्यांऐवजी लाकूड चिरफाळल्याचे, तडकल्याचे आवाज वापरले आहेत आणि तेही चित्राशी जुळवून नाहीत. पाय फळीत रुततो, आवाज नाही. काही क्षणांनी, भलत्याच वेळी, कडकड ऐकू येते. भीतीची इतकी साधी युक्ती मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

पण ह्याच कथेबाबत माझी कोबायाशींशी तक्रार आहे. हर्नच्या कथेत सकाळी प्रेत दिसल्यावर तो नवरा, आपण कोणी परका वाटसरू आहोत असे भासवून, शेजाऱ्याला त्या घराविषयी विचारतो. आणि त्याला कळते की ती बाई नवरा गेला त्याच वर्षी शरदात झुरून मेली, जवळ कोणी नव्हते. बस्स, एवढेच. हर्नने कथेला नावही समेटाचे दिले होते. चित्रपटात ह्याऐवजी ते केस जिवंत होऊन त्याचा पाठलाग करतात आणि तो पाहता पाहता म्हातारा होतो. प्रेक्षकाला शिक्षा दिसली, त्याचे समाधान झाले. परंतु आपल्याच बायकोची बातमी परक्यासारखी विचारावी लागणे, ही शिक्षा थोडी होती काय?

‘बर्फातली बाई’ मात्र निर्दोष आहे. वादळात सापडलेल्या दोघा लाकूडतोड्यांपैकी म्हाताऱ्याचा प्राण ती फुंकरीने घेते. तरुणाला सोडते, अट एकच, हे कोणालाही सांगायचे नाही. पुढे त्याला एक गोड मुलगी भेटते, संसार होतो, तीन मुले होतात, आणि एका रात्री दिव्याच्या उजेडात तिचा चेहरा पाहून तो बोलून जातो. तात्सुया नाकादाई आणि केइको किशी ह्या दोघांनी हा संसार इतका खरा केला आहे की वचन मोडते तेव्हा भय वाटत नाही, हळहळ वाटते. सारे बर्फ, जंगल, आकाश मोठ्या छपराखाली उभारलेले. आभाळ पडद्यावर हाताने रंगवलेले, आणि त्या आभाळात डोळे! काहींना हे खोटे वाटेल. संगीत नाटकांचे रंगवलेले पडदे पाहून वाढलेल्या आपल्या लोकांना तसे वाटू नये. शिवाय बालाघाटच्या उन्हात वाढलेल्याला खरे बर्फ तरी कुठे ठाऊक आहे?

तिसरी कथा सर्वांत लांब. ११८५ साली दान-नो-उराच्या सागरी लढाईत हेइके घराणे बुडाले, बाल सम्राट आजीच्या कुशीत समुद्राच्या तळाशी गेला. त्या लढाईचे आख्यान बिवा नावाच्या तंतुवाद्यावर गाणारा होइची हा अंध गायक. मेलेले हेइके त्याला रात्री बोलावून नेतात आणि आपल्याच मरणाचे आख्यान ऐकून रडतात. लढाई जरा लांबली आहे; पण ज्यांची लढाई तेच श्रोते, ही कल्पना आपल्या गोंधळ्याला किंवा शाहिराला लगेच कळेल. होइचीला वाचवण्यासाठी मठातले भिक्षू त्याच्या सर्वांगावर सूत्र लिहितात. कान तेवढे विसरतात. भुताला दोन कानच दिसतात, आणि तो तेच उपटून नेतो.

अंगभर अक्षरे लिहिलेला होइची दिसला तेव्हा आम्हा अंबाजोगाईकरांना आमचे दासोपंत आठवावेत, हे स्वाभाविकच. दासोपंतांनी (१५५१–१६१५) पंचीकरणावरचे आपले विवेचन कागदावर न लिहिता लांबलचक कापडावर लिहिले. ती पासोडी आमच्या गावाचे भूषण आहे. पांघरायचे कापड अक्षरांनी भरून काढणारा संत आणि अक्षरेच पांघरून बसलेला गायक, ह्यांचा परस्परांशी काही संबंध नाही. पण अक्षराने माणूस झाकला जातो, हा विश्वास दोन्हीकडे असावा, असे मला वाटते.

आपल्याकडे असा चित्रपट का नाही, असे कोणी विचारील. अगदी नाही असे नाही. विशाल फुरिया ह्यांचा ‘लपाछपी’ २०१७ मध्ये आला. उसाच्या फडाच्या मधोमध एकटे घर, त्यात एक गर्भवती, आणि जन्मू न दिलेल्या मुलींचा विषय. उसाची पाने कानाशी सळसळतात तेव्हा जो काटा येतो तो आमच्या मातीतला आहे. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. हे ज्याला ठाऊक आहे त्याला ती मुले पडद्यावरची भुते वाटत नाहीत. कसबात ‘लपाछपी’ ‘क्वैदान’च्या जवळ येत नाही, तिथे धक्क्यांची घाई आहे. तरीही दोन्ही एकामागून एक पाहावेत. दोन्हींत ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्याच वाट्याला परत येणे आले आहे.

चौथी कथा, चहाच्या पेल्यात दिसणाऱ्या चेहऱ्याची, अपुरीच आहे आणि मुद्दाम अपुरी ठेवली आहे. मला ती किरकोळ वाटली. आमच्या घरातल्या तरुणांना तीच सर्वांत आवडली. लहान मुलांना पहिली दाखवू नये, दुसरी आणि तिसरी अवश्य दाखवावी. सगळे एका बैठकीत पाहण्याचा हट्टही नको. दोन रात्री दोन-दोन कथा पुरे.

तबकडीवर मराठी अक्षरे नाहीत, इंग्रजी आहेत. त्यामुळे माझ्या आईसाठी सगळे संवाद मला चित्र चालू असतानाच मराठीत सांगावे लागले, आणि चौथ्या-पाचव्या वाक्यानंतर मी अक्षरे वाचणे सोडून आपल्याच शब्दांत सांगू लागलो. बर्फातली बाई निघून गेल्यावर नवरा तिच्यासाठी केलेल्या नव्या चपला बाहेर बर्फावर ठेवतो. आईने मला थांबवून विचारले, “नेल्या का रे तिने?” मी म्हणालो, “थांब, दिसेल.” चपला हळूहळू दिसेनाशा झाल्या. “नेल्या,” आई म्हणाली, आणि मग तिसरी कथा लावायला सांगितली.