विश्रामबागवाडा : अकरा वर्षांचा की दोनशे वर्षांचा?

आज बोलायचं आहे एका वाड्याबद्दल. त्याहून जास्त, तो वाडा आपण कसा बघतो याबद्दल.

पुण्यात बाजीराव रस्त्यानं जाताना विश्रामबागवाडा नजरेतून सुटत नाही. सुरूच्या आकाराचे कोरीव लाकडी खांब, वर केळफुलं, पुढे आलेला सज्जा. लोक थांबतात, फोटो काढतात, ‘पेशव्यांचा वाडा’ म्हणतात आणि पुढे जातात. यांपैकी माझा आक्षेप ‘पेशव्यांचा वाडा’ म्हणण्याला आहे.

साधा हिशेब करून बघा. दुसऱ्या बाजीरावानं एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हा वाडा बांधून घेतला. शनिवारवाडा असताना दुसरं घर कशाला? तिथे १७७३ मध्ये नारायणरावाचा खून झाला होता आणि त्या जागेची धास्ती बाजीरावाच्या मनात होती, असं सांगतात. पण या नव्या घरात तरी तो राहिला किती? जेमतेम अकरा वर्षं. १८१८ मध्ये राज्य गेलं आणि त्याची रवानगी बिठूरला झाली. म्हणजे वाड्याच्या दोनशेहून अधिक वर्षांच्या आयुष्यात पेशवा अकराच वर्षांचा!

मग उरलेल्या काळात इथे काय चाललं होतं? १८२१ मध्ये कंपनी सरकारनं याच वाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. तिच्यासाठी पैसा आला तो दक्षिणेच्या निधीतून. पेशवे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत, तोच हा निधी. घर तेच, पैसाही तोच; पण दानाची जागा वर्गानं घेतली. कृष्णशास्त्री चिपळूणकर या पाठशाळेत शिकले. तिचंच पुढे पूना कॉलेज आणि मग डेक्कन कॉलेज झालं. महाराष्ट्रात नवं शिक्षण कसं आलं, हे सांगायला याहून चांगली जागा कुठली?

१८७९ च्या आगीत बुधवारवाडा गेला. विश्रामबागेचाही काही भाग जळाला आणि तो पुन्हा उभारावा लागला. तेव्हा आपण ज्याला सरसकट पेशवाई लाकूडकाम म्हणतो, त्याच्या शेजारी पेशवाईनंतरच्या सुतारांचाही हात आहे. त्यांचं नाव आपण घेत नाही. विसाव्या शतकात इथे नगरपालिकेचा आणि नंतर महानगरपालिकेचा कारभार चालला, टपालकचेरी होती. पत्र टाकायला, अर्ज द्यायला आलेली माणसं याच दारातून आत गेली. पेशव्याच्या काळात त्यांतल्या कितीजणांना आत पाऊल टाकता आलं असतं?

आता वाड्यात शहराच्या इतिहासाचं प्रदर्शन आहे. त्याचं नाव ‘पुनवडी ते पुण्यनगरी’, आणि ते मला फार आवडतं, कारण त्या नावात राजा नाही, गाव आहे. माझी अपेक्षा एवढीच की वाड्याची स्वतःची गोष्टही याच धोरणानं सांगितली जावी. ती १८१८ ला संपू नये. दरबाराचा दिवाणखाना जरूर दाखवा. पण वर्ग कुठे भरत, कारकून कुठे बसत, आगीनंतरचं काम कुठलं, तेही त्या त्या जागी लिहा. दुरुस्तीच्या खुणा लपवू नका.

हा हट्ट कशासाठी, असं कुणी विचारील. कसबा, शनिवार, सदाशिव, नारायण अशा पेठांतले साधे वाडे आपल्या डोळ्यांदेखत पाडले जात आहेत. त्यांत कुणी पेशवा राहिला नव्हता. तिथे भाडेकरू होते, बिऱ्हाडं होती, चौकात वाळवणं पडत होती. राजा राहिला म्हणूनच वास्तू मोलाची, असं आपण विश्रामबागेत शिकवलं, तर या वाड्यांच्या बाजूनं बोलायला आपल्याकडे एक शब्दही उरत नाही. पण घराचं मोल त्यातल्या राबत्यात असतं, हे एकदा मान्य केलं, की त्यांचीही बाजू मांडता येते. आणि ते पटवून द्यायला विश्रामबागवाड्याइतका भक्कम साक्षीदार पुण्यात दुसरा नाही.