चूल वेगळी, म्हणजे नेमकं काय वेगळं?

अभिधा आणि लक्षणा या शब्दशक्तींबद्दल बोलायला लागलं की समोरचे श्रोते पेंगायला लागतात, हा आमचा वर्गातला जुना अनुभव. म्हणून आज उदाहरण स्वयंपाकघरातलं घेतो. शब्द आहे चूल.

आम्ही पुंडलिकनगरला राहतो. आमच्या गल्लीत मातीची चूल शोधूनही सापडणार नाही. तरी परवा शेजारी कुणी सांगत होतं, "थोरल्यानं चूल वेगळी केली." म्हणजे काय केलं? वरच्या मजल्यावर दुसरी गॅसची शेगडी आणली. माती नाही, सरपण नाही, धूर नाही, तरी शब्द चूलच. आणि ऐकणाऱ्याला काही अडलं नाही. वस्तू गेली तरी शब्द कामावर आहे. ही लक्षणा. इथे चूल म्हणजे एका ठिकाणी शिजवून एकत्र जेवणारी माणसं.

गंमत म्हणजे सरकारही असंच मोजतं. भारताच्या जनगणनेत कुटुंब म्हणजे जी माणसं सामान्यतः एकत्र राहतात आणि एकाच स्वयंपाकघरातलं जेवतात ती. रक्ताच्या नात्याची अट नाही. एका छपराखाली दोन स्वयंपाक होत असतील तर कुटुंबं दोन. आपल्या खेड्यातली म्हातारी "त्या घरात तीन चुली आहेत" म्हणते तेव्हा ती जनगणनाच करत असते.

आता एक कबुली. आम्ही बरीच वर्षं वर्गात सांगत होतो की ज्याची चूल वेगळी तो चुलता. मुलं खूश व्हायची. पण ही व्युत्पत्ती चुकीची आहे. चूल आली संस्कृत 'चुल्ली'वरून. चुलता आला 'क्षुल्लतात'वरून, म्हणजे धाकटा बाप. विनयपिटकातल्या 'चुल्लवग्ग' या नावात लहान या अर्थाचा जो 'चुल्ल' आहे, तोच हा. दोन शब्दांचा एकमेकांशी संबंध नाही, नुसता आवाज सारखा. तरी लोकांना तो संबंध खरा वाटतो, कारण भावाभावांचं वेगळं होणं आपल्याकडे शेताच्या बांधाआधी चुलीवर दिसतं.

आमच्या घरी तेच झालं. वडील आणि चुलते वेगळे निघाले तेव्हा जमीन सामाईकच राहिली, विहीर सामाईक, देवघरही एकच. आईनं ओसरीच्या दुसऱ्या टोकाला नवी चूल घातली, एवढंच. पण त्या दिवसापासून आजीला रोज सकाळी विचारावं लागायचं, "आज कुठं जेवणार?" तिच्याच घरात ती पाहुणी झाली. हिंदू कायदा म्हणतो की केवळ जेवण वेगळं झालं म्हणून मिळकतीची वाटणी झाली असं धरता येत नाही. बरोबर आहे, कोर्टाला मिळकत बघायची असते. पण आजीपुरती वाटणी त्याच सकाळी झाली होती, आणि ती कुठल्याही दस्तात नोंदलेली नाही.

हे ध्यानात ठेवून आजचे तीन वापर तपासू.

पहिला, बीड बायपासकडच्या ढाब्यांच्या पाट्या: 'चुलीवरचं जेवण'. इथे चूल म्हणजे चव. चव खोटी आहे असं आम्ही म्हणत नाही, आम्हीही जाऊन खातो. पण पाटीवर चुलीपुढे बसलेली बाई नसते. तिचे लाल झालेले डोळे, फुंकणी, पावसाळ्यात न पेटणाऱ्या ओल्या पऱ्हाट्या, यातलं काही नसतं. ती वगळली की चूल ऐटीची होते.

दुसरा वापर सरकारी प्रचारातला: 'चूलमुक्त'. हेतू चांगला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळे २०२० मध्ये जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली ती याच कारणानं. पण मग 'धूरमुक्त' म्हणा ना! मराठीत चूल विझणं म्हणजे घरावर संकट येणं. "त्यांच्याकडे आज चूल पेटली नाही" याचा अर्थ गॅस आला असा कुणी करत नाही. आणि सिलिंडर भरायला पैसे नाहीत म्हणून पुन्हा काटक्या गोळा करणाऱ्या बाईला 'चूलमुक्त' हा शब्द कसा ऐकू येत असेल?

तिसरा, 'चूल आणि मूल'. स्त्रीला घरात कोंडण्याविरुद्ध हा शब्दप्रयोग फार उपयोगी पडला, तो आम्ही सोडा म्हणणार नाही. पण त्यानं चूल नुसती बेडी ठरते, आणि तिथे एक बाजू सुटते. नवऱ्यानं टाकलेली, माहेरी भावाच्या घरी परतलेली बाई आठवा. ती दिवसभर भावाच्या चुलीपुढे राबते, पण ती चूल तिची नसते. भाकरी तिच्या हातची, पण किती थापायच्या ते ठरवणार दुसरं कुणी. महाराष्ट्रात १९८० च्या दशकात परित्यक्ता स्त्रियांची चळवळ उभी राहिली, तेव्हा तिच्या मागण्यांत स्वतंत्र रेशनकार्ड होतं. चुलीपासून सुटका मागणाऱ्या काळात या बाया स्वतःच्या नावाची चूल मागत होत्या. यात विसंगती वाटते ती आपण चुलीला एकच अर्थ देतो म्हणून. चुलीपुढे राबणं वेगळं आणि चूल आपली असणं वेगळं. मराठीत दोन्हींना शब्द एकच आहे, म्हणून बोलताना भान ठेवावं लागतं.

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या हातून जिथे नकळत जीवहत्या होते अशा पाच जागा सांगितल्या आहेत. जातं, केरसुणी, उखळ, पाण्याचा घडा ही चार, आणि सगळ्यांत आधी चूल. तिथे दोष गृहस्थाच्या नावावर आहे, जाळ घालणारीच्या नाही. चूल कुणाची आणि राबतं कोण, हा घोळ इतका जुना आहे.

तेव्हा यापुढे "चूल वेगळी झाली" असं कानावर आलं, तर जमिनीचं काय झालं ते मागाहून विचारा. आधी विचारा, पेटवणार कोण, आणि म्हातारी कुठं जेवते?