पुस्तकांतलें कीं खरें?

गेल्या मार्गशीर्षांत कांहीं घरगुती कामानिमित्त परतूरास जाण्याचा योग आम्हांस आला. मनमाडहून परभणीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील हें तालुक्याचें गांव. पूर्वीं तें परभणी जिल्ह्यांत होतें, १ मे १९८१ रोजीं जालना जिल्हा निराळा झाला तेव्हां त्यांत आलें. तेथील एका शाळेंतील मराठीच्या शिक्षकांशीं आमचा जुना स्नेह आहे. त्यांनीं आग्रह धरला कीं, आठवीच्या मुलांचा एक तास आम्हीं घ्यावा व उतारा कसा वाचावा, त्याचें मर्म कसें काढावें, हें त्यांस सांगावें. तीस वर्षें महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकविलेल्या मनुष्यास असें आमंत्रण म्हणजे मेजवानीच. आम्ही मोठ्या ऐटींत गेलों आणि बरेच खजील होऊन परतलों. त्या तासाची हकीकत व तीवरून सुचलेले विचार वाचकांपुढें ठेवीत आहों.

पाठ्यपुस्तकांतील उतारा मुलांस पाठ असण्याचा संभव, म्हणून आम्हीं स्वत:च आठ ओळी लिहून नेल्या होत्या. त्यांत वाङ्मयगुण बेताचेच होते. दिवाळीचे दिवस, एक शेतकरी बांधावर उभा आहे, शेत पांढरें झालें आहे, वेचणीस बायका उद्यां यावयाच्या आहेत. इतक्यांत पश्चिमेकडून ढग चढतात, वारा सुटतो, दोन थेंब त्याच्या हातावर पडतात. तो खांद्यावरचें उपरणें डोक्यावर घेतो आणि तसाच उभा राहतो. उतारा येथेंच संपतो. त्याच्या मनांत काय आलें हें आम्हीं मुद्दामच लिहिलें नव्हतें. तोच आमचा प्रश्न होता.

वर्गांत चाळीसएक मुलें होतीं. दहा मिनिटांनीं उत्तरें आमच्या हातीं आलीं. जवळजवळ सर्वांनीं लिहिलें होतें कीं, पाऊस आल्यामुळें शेतकऱ्याला अतिशय आनंद झाला. कित्येकांनीं मोर नाचविले, कांहींनीं मातीचा सुगंध दरवळविला, एकानें तर शेतकऱ्यास जगाचा पोशिंदा ही पदवीही बहाल केली. अक्षर चांगलें, वाक्यें शुद्ध. आणि हीं मुलें होतीं कोणाचीं? हा सारा मुलूख कापसाचा. फुटलेल्या बोंडांवर पाऊस पडला म्हणजे कापूस भिजतो, काळा पडतो, बाजारांत त्याचा भाव उतरतो, ही गोष्ट ज्यास ठाऊक नाहीं असें मूल त्या वर्गांत सांपडलें नसतें. त्यांतील कित्येकांनीं दिवाळीची सुटी शेतांत वेचणी करण्यांतच घालविली होती. कापूस भिजण्याचें दु:ख त्यांच्या घरांत प्रत्यक्ष येऊन गेलेलें, आणि त्यांच्या कागदावर मात्र मोर नाचत होता!

मधल्या बाकावरची एक मुलगी मात्र कांहींच न लिहितां बसली होती. प्रश्न समजला नाहीं काय, असें आम्हीं तिला विचारलें. ती उभी राहिली, शेजारणीकडे एकदां पाहिलें आणि हळूच म्हणाली, “सर, पुस्तकातलं लिव्हू का खरं लिव्हू?”

वर्ग हंसला. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं. ज्या वर्गांत असा प्रश्न विचारावा लागतो तेथील भाषाशिक्षणावर याहून कठोर टीका कोणत्याही टीकाकारास करतां येणार नाहीं असें त्या क्षणीं वाटलें. आणि ती टीका आम्हांवरही होती, हें पुढें येईलच.

मुलांस वाचतां येत नाहीं, ही तक्रार आजकाल सर्वत्र ऐकूं येते व ती खोटी नाहीं. ‘प्रथम’ ही संस्था २००५ सालापासून ‘असर’ या नांवानें खेड्यापाड्यांतील मुलांच्या वाचनाची पाहणी करीत आली आहे. पांचवींतील मुलास दुसरीच्या योग्यतेचा साधा उतारा वाचतां येतो काय, ही तिची एक कसोटी. २०२२ सालीं देशांतील शंभर मुलांपैकीं सुमारें ४३ मुलेंच तीस उतरलीं. ही चिंतेची गोष्ट खरीच. परंतु आमच्या समोरचीं मुलें त्या कसोटीस खात्रीनें उतरलीं असतीं. तीं घडघड वाचीत होतीं. अक्षरांशीं त्यांचें वैर नव्हतें. अक्षरांच्या पलीकडे आपण पाहिलेलें शेत असूं शकतें, ही कल्पनाच त्यांस नव्हती. वाचतां न येणाऱ्या मुलाचा दोष लवकर ध्यानांत येतो. वाचतां येऊनही न वाचणारें मूल पहिल्या वर्गांत उत्तीर्ण होतें.

येथें आय. ए. रिचर्ड्स या इंग्रज टीकाकाराची आठवण होते. केंब्रिजच्या विद्यार्थ्यांस त्यानें तेरा कविता, कवींचीं नांवें न सांगतां, वाचावयास दिल्या, त्यांचे लेखी अभिप्राय गोळा केले व त्यांची चिकित्सा ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या १९२९ सालच्या ग्रंथांत प्रसिद्ध केली. उत्तम शाळांतून शिकून आलेल्या त्या तरुणांची फजिती पाहून तेव्हांचे विद्वान् थक्क झाले. वाचकाच्या वाटेंतील जे अडथळे रिचर्ड्सनें सांगितले त्यांत पहिलाच असा कीं, कवितेचा सरळ अर्थच पुष्कळांच्या हातीं लागत नाहीं. आणखी एक अडथळा आमच्या प्रस्तुत विषयास अगदीं लागू पडतो: शब्द दिसतांच मनांत आधींच तयार असलेली ठराविक भावना उसळून वर येते व समोरच्या मजकुराकडे पाहण्याची गरजच उरत नाहीं. आमच्या मुलांचें नेमकें हेंच झालें. ‘ढग’ व ‘थेंब’ हे दोन शब्द दिसतांच आनंदाचा नळ आपोआप सुटला. ‘पांढरें’ व ‘वेचणी’ या शब्दांपाशीं कोणी थांबलेंच नाहीं. केंब्रिज आणि परतूर यांत अंतर फार, पण रोग एकच. भेद इतकाच कीं, केंब्रिजच्या तरुणांपाशीं कित्येकदां त्या कवितेस लागणारा अनुभव नव्हता. आमच्या मुलांपाशीं तो शिगोशीग भरलेला होता, आणि तो वर्गाबाहेर चपलांशेजारीं काढून ठेवावयाचा असतो असें त्यांस कोणींतरी शिकविलें होतें.

कोणीं? पाठ्यपुस्तकावर सारें खापर फोडणें सोपें आहे, पण तें न्यायाचें होणार नाहीं. १९६७ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या पाठ्यपुस्तक मंडळाच्या ‘बालभारती’नें नाना प्रांतांतील, नाना थरांतील लेखक मुलांपुढें आणले. दहावीचा नवा अभ्यासक्रम २०१८ सालीं आला, प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली, ‘स्वमत’ या नांवाखालीं मुलाचें स्वत:चें मत विचारण्याची सोयही झाली. हेतु उत्तमच. पण ‘स्वमत’ या मथळ्याखालीं पाठ करावयाचीं मतें छापील मार्गदर्शकांत तयार मिळूं लागलीं, याला काय म्हणावें? कवितेच्या रसग्रहणाचेंही तेंच. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यें असे तीन रकाने, आणि प्रत्येकांत कोणत्याही कवितेस चालतील अशीं चार वाक्यें! पुढें हें यावयाचेंच, म्हणून आठवीपासूनच हात वळविण्याची घाई. ज्यास रस म्हणावयाचें तो या गाळणींतून कधींच गळून जातो. मागें राहतो चोथा, आणि त्यास गुण मिळतात.

गुण देणाऱ्यांत आम्ही होतों, हें कबूल केलें पाहिजे. परीक्षक म्हणून आम्हीं किती गठ्ठे तपासले असतील! वर्डस्वर्थची कोणतीही कविता असो, तो निसर्गकवि आहे, या वाक्यास आमची लाल शाई नेहमीं प्रसन्न होत असे. कवितेंत निसर्ग नांवालाही नसला तरी. एखाद्यानें वेडेंवांकडें पण स्वत:चें कांहीं लिहिलेंच, तर रात्रीं अकरा वाजतां उरलेल्या साठ उत्तरपत्रिकांकडे पाहून त्यास आम्ही सरासरी गुण देऊन मोकळे होत असूं.

मराठवाड्यांत या दुखण्याला आणखी एक जुनें मूळ असावें असें आम्हांस वाटतें. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखालीं होता. तेथील सरकारी माध्यमिक शिक्षणाची भाषा उर्दू; १९१८ सालीं निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचीही तीच. मुंबई इलाख्यांतील मुलें अत्र्यांची ‘नवयुग वाचनमाला’ वाचीत होतीं तेव्हां इकडील मुलाची मराठी घरांत, पोथींत व कीर्तनांत होती. शाळेची भाषा एक, घराची दुसरी. पुढें शाळेंत मराठी आली. पण ती पुण्याची, आणि घरची मराठी पुन्हां उंबऱ्याबाहेरच राहिली. ‘पुस्तकातलं’ आणि ‘खरं’ यांमधील ही भिंत त्या मुलीनें बांधलेली नाहीं; तिच्या आजोबांच्या वेळेपासून ती उभी आहे.

आश्चर्याची गोष्ट ही कीं, बारकाईनें वाचण्याची विद्या या भूमीस परकी नाहीं. परतूरापासून दूर नसलेल्या जांब गांवीं १६०८ सालीं समर्थ रामदास जन्मले. त्यांच्या दासबोधाचें पारायण येथें घरोघर होतें. आतां नुसतें पारायण म्हणजे अर्थग्रहण नव्हे, हें खरें. परंतु सप्ताहांतील कीर्तन पाहा. कीर्तनकार एकच अभंग घेतो. एक चरण म्हणतो, थांबतो, त्यांतील एका शब्दावर बोट ठेवतो. हाच शब्द कां, दुसरा कां नाहीं, असें विचारतो. स्वत:च आक्षेप घेतो, दृष्टांत देतो, पुन्हां त्याच चरणावर येतो. दोन तास लोटले तरी तो अभंग सोडून जात नाहीं. रिचर्ड्सनें केंब्रिजांत याहून निराळें काय मागितलें होतें? लक्षणेसारखा अवघड विषय घ्या. संस्कृत शास्त्रकार ‘गंगेवर गवळीवाडा’ हें उदाहरण देतात: वाडा प्रवाहावर असणें अशक्य, म्हणून गंगा म्हणजे तिचा कांठ. जालना जिल्ह्याच्या दक्षिण शिवेवरून वाहणाऱ्या गोदावरीस इकडे गंगाच म्हणतात. मामाचें गांव गंगेवर आहे असें म्हणणाऱ्या मुलाला लक्षणा कोणीं शिकविली? ती त्याच्या जिभेवरच आहे. शिक्षकानें ती दाखवून द्यावी इतकेंच.

असो, वर्गाकडे वळूं. मुलीला आम्हीं सांगितलें, “खरं लिही, पण जे लिहिशील ते या आठ ओळींत कुठं आहे तेवढं दाखव.” मग तोच उतारा पुन्हां सावकाश वाचला. महिना कोणता? शेत पांढरें कशानें? बायका कशाला येणार? प्रश्न इतके साधे कीं विचारतांना आम्हांस संकोच वाटला. पण दोनच मिनिटांत वर्गाचा आवाज बदलला. “कापूस भिजला ना, सर!” असें एकदम पांचसहा मुलें ओरडलीं. आम्ही समाधानानें खडू खालीं ठेवणार, तोंच मागच्या बाकावरील एक मुलगा म्हणाला, “पण हरभऱ्याला बरा असतो हा पाऊस.”

हें आम्हांस सुचलेंच नव्हतें. दिवाळीचा पाऊस कापसाला मारतो आणि रब्बीच्या पेऱ्याला तारतो. मग शेतकऱ्याच्या मनांत दु:खच असेल कशावरून? आपल्या लेखनांत दुसरा अर्थ दडला आहे हें लेखकास आठवीच्या मुलाकडून कळावें, यांत गंमत आहे तशी शरमही. त्यावर वाद माजला. एक म्हणे, उताऱ्यांत हरभऱ्याचें नांव नाहीं. दुसरा म्हणे, कापसाचेंही नाहीं, तें तर आपण ओळखलें! युक्तिवाद बिनतोड होता. शेवटीं आमची तीच मुलगी उठली. तिचें म्हणणें असें कीं, हरभरा मनांत असता तर तो घराकडे वळला असता, आणि वेचलेला कापूस उघड्यावर असता तर ताडपत्रीसाठीं धांवला असता. तो दोन्ही करीत नाहीं, नुसता उभा राहतो, म्हणजे कापूस अजून झाडावरच आहे आणि करण्यासारखें कांहींच उरलेलें नाहीं. ‘तसाच उभा राहतो’ हे शब्द आम्हीं केवळ वाक्य पुरें करण्यासाठीं लिहिले होते.

शिक्षकमित्रांची अडचण मात्र निराळी होती. ते बाहेर येतांना म्हणाले, “हें छान झालें, पण साठ मुलांच्या वर्गांत, पस्तीस मिनिटांत, असा एक उतारा घेतला तर धडे केव्हां संपवावयाचे? आणि प्रत्येक मूल निराळें सांगूं लागलें तर गुण कशावर द्यावयाचे?” पहिल्या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें व नाहीं. दुसऱ्यास एवढेंच म्हणालों कीं, मूल उताऱ्यांतील ज्या शब्दावर बोट ठेवील त्यावर द्यावे. वाटेल तें उत्तर चालेल असा याचा अर्थ नव्हे. बोट ठेवण्यास शब्द नसेल तर कितीही सुंदर मोर नाचविला तरी तो उताऱ्यांतला नव्हे.

तास संपल्यावर त्या मुलीचा कागद आम्हीं मागून घेतला. तिनें दोनच ओळी लिहिल्या होत्या: ‘त्याला रडू पण आलं नाही. उद्या येऊ नका असं बायांना कसं सांगावं याचा तो इचार करत होता, कारण त्यांची पण मजुरी बुडणार होती.’ शिक्षकमित्रांनीं तो वाचला, ‘इचार’ या शब्दाखालीं लाल शाईनें रेघ ओढली, आणि गुणांच्या चौकटीवर पेन टेकवून ते बराच वेळ थांबून राहिले.